मालवाहू वैमानिकाचा गणवेश

ज्या विमानात वैमानिकांखेरीज बहुधा दुसरा मनुष्य नसतो, जे मध्यरात्रीनंतर एका गावाहून उडते आणि दुसरे गाव जागे होण्यापूर्वी तेथे उतरून रिकामेही होते, त्या विमानाच्या कॅप्टनने पांढरा सदरा, काळी विजार, गळ्यात टाय आणि खांद्यांवर चार सोनेरी पट्ट्या असा सरंजाम करून कोणापुढे उभे राहावयाचे, हा प्रश्न मालवाहतुकीच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. माझ्या नोकरीच्या अखेरच्या काळात आमच्या कंपनीने या प्रकरणी एक समिती नेमली आणि जुना नोकर म्हणून माझा लेखी अभिप्राय मागविला. तो मी दिला आणि तो यथावकाश दफ्तरी दाखल झाला. परंतु दफ्तरी अभिप्रायाला कलमे असतात आणि अनुभवाला कलमे नसतात, त्यामुळे ज्या अनुभवांवरून माझे मत बनले ते त्या कागदात उतरू शकले नाहीत. ते येथे सविस्तर मांडावेत, एवढ्याचसाठी हे लेखन.

समितीपुढे दोन पक्ष सरळ उभे होते. तरुण वैमानिकांचे म्हणणे असे की, गणवेश हा उतारूंच्या समाधानासाठी निर्माण झाला. आमच्या विमानात उतारू नाहीत, तेव्हा ती गरजही नाही. रात्रभर अरुंद कॉकपिटमध्ये बसणाऱ्या माणसाला सैल, स्वच्छ आणि साधे कपडे घालण्याची मुभा असावी, आणि ओळखीसाठी गळ्यातले ओळखपत्र पुरेसे आहे. व्यवस्थापनातील काही जणांचे म्हणणे असे की, कंपनीची इभ्रत तिच्या माणसांच्या पोशाखात दिसते; आज टाय सोडला तर उद्या शिस्त सुटेल. दोन्ही पक्ष मनापासून बोलत होते, आणि तरीही दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट समान होती: गणवेश पाहणारा मनुष्य म्हणजे गिऱ्हाईक, हे दोघांनीही गृहीत धरले होते. एकाचे मत असे की गिऱ्हाईक तेथे नाही, म्हणून गणवेश नको. दुसऱ्याचे असे की गिऱ्हाईक कोठेतरी असेलच, म्हणून हवा. रात्रीच्या विमानतळावर त्या गणवेशाकडे खरोखर कोण पाहत असते, याचा विचार दोघांनीही केला नव्हता.

तरुणांचा इतिहास मात्र बरोबर होता, हे मान्य केले पाहिजे. विमानांनी अगदी आरंभी वाहून नेलेल्या वस्तूंत टपाल होते, आणि त्यातही आपल्या देशाचा मान मोठा आहे; १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली, ते जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल समजले जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर ‘पस मॉथ’ विमान घेऊन उतरले, तेव्हाही त्यांच्याबरोबर टपालच होते. उघड्या विमानांतून टपाल नेणारे त्या काळचे वैमानिक थंडीवाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून चामड्याची आणि लोकरीच्या अस्तराची वस्त्रे घालीत; त्यांचा पोशाख ठरविणारा एकच अधिकारी होता, तो म्हणजे हवामान. पुढे उतारूंची ने-आण सुरू झाली, तेव्हा आकाशात जाण्यास भिणाऱ्या लोकांना धीर देणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसले. अमेरिकेतील ‘पॅन अमेरिकन’ या कंपनीने आपल्या समुद्रावरून उडणाऱ्या विमानांच्या वैमानिकांना १९३० च्या सुमारास आरमारी अधिकाऱ्यांच्या धर्तीचा गडद पोशाख, टोपी आणि पदाच्या पट्ट्या दिल्या, ‘कॅप्टन’ ही जहाजावरील पदवी विमानात आणली, आणि जगातील बाकीच्या कंपन्यांनी तोच शिरस्ता उचलला. म्हणजे आज आपण जो गणवेश पाहतो तो मुळात उतारूच्या डोळ्यांसाठीच शिवला गेला, यात शंका नाही. परंतु एखाद्या गोष्टीचे मूळ प्रयोजन सरले म्हणून तिला दुसरे प्रयोजन लाभले नसेल असे मानणे घाईचे होते, आणि मालवाहतुकीत ते दुसरे प्रयोजन कसे लाभले हे समजण्यासाठी या धंद्याची रात्र पाहिली पाहिजे.

मालवाहतूक हा मूलतः रात्रीचा धंदा आहे, आणि त्याची एक उत्तम पद्धत आपल्या नागपूरने फार पूर्वी अमलात आणली होती. १९४९ च्या जानेवारीत आपल्याकडे रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली; मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार ठिकाणांहून विमाने रात्री निघत, नागपुरास एकत्र जमत, टपालाच्या थैल्यांची परस्परांत अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. दिवसभर जमलेला माल एका मध्यवर्ती ठिकाणी रात्री आणावयाचा, तेथे त्याची वाटणी करावयाची आणि सकाळी तो घरपोच करावयाचा, ही जी युक्ती ‘फेडरल एक्सप्रेस’ने १७ एप्रिल १९७३ रोजी मेंफिस येथे १४ लहान विमानांनिशी सुरू केली आणि ज्या युक्तीवर आजचा सारा कुरियरचा धंदा उभा आहे, ती नागपूरच्या धावपट्टीवर चोवीस वर्षे आधी राबविली जात होती. मी नोकरीत आलो तेव्हा नागपूरची ती व्यवस्था इतिहासजमा झाली होती. परंतु तिचे स्वरूप आमच्या कामात जसेच्या तसे उरले होते. संध्याकाळी बंद झालेल्या पेढ्यांचे कागद, कारखान्यांचे सुटे भाग, औषधे, फुले, मासळी, एक दिवसाची कोंबडीची पिले आणि हंगामात हापूसच्या पेट्या, हे सारे मध्यरात्रीपर्यंत विमानतळावर येते, आणि दोन-अडीच तासांत ते विमानात भरून, बांधून, वजनाचा ताळा जुळवून उडावे लागते.

या दोन-अडीच तासांत विमानाभोवती किती प्रकारची माणसे असतात, याची कल्पना बाहेरच्यास सहसा येत नाही. माल भरणारे लोडर एका कंत्राटदाराचे, त्यांचा मुकादम त्याच कंत्राटदाराचा. माल उचलून धरणारे हायलोडर यंत्र दुसऱ्याचे. इंधनाची टँकरगाडी तेलकंपनीची. पहाऱ्यावरचा जवान केंद्रीय दलाचा. कागद तपासणारा कस्टमचा. विमानाची तपासणी करणारे इंजिनिअर आमचे, पण शिफ्टप्रमाणे बदलणारे. यांपैकी पुष्कळजणांनी एकमेकांना आदल्या रात्री पाहिलेले नसते. दिवे असतात, परंतु ते उंचावर असतात आणि त्यांच्या उजेडात माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याची आकृती अधिक दिसते. इंजिनांचा आणि जनरेटरचा आवाज असा की चार हातांवरचे बोलणे ऐकू येत नाही. अशा ठिकाणी कोण कोणाला काय सांगू शकतो, कोणाच्या शब्दावर काम थांबवावयाचे आणि कोणाच्या शब्दावर पुढे चालवावयाचे, हे दुरून आणि एका दृष्टिक्षेपात कळावे लागते.

कॅप्टनचे काम तेथे कागदावर सही करण्यापुरते नसते. कोणत्या जागी किती वजनाचे पॅलेट बसले याचा तपशील असलेली लोडशीट त्याच्या हाती येते. धोकादायक मालाची स्वतंत्र सूचना, जिला आम्ही ‘नोटॉक’ म्हणतो, तिच्यावर त्याला सही करावी लागते. आणि शक्य असेल तेव्हा तो स्वतः टॉर्च घेऊन मालाच्या मजल्यावर फिरतो. पॅलेट म्हणजे ॲल्युमिनियमची सपाट तबकडी. तिच्यावर माल रचून वरून जाळी आवळलेली असते. विमानाची जमीन लोखंडी चाकांनी भरलेली असल्यामुळे टनावारी वजनाचे पॅलेट दोन माणसे हाताने ढकलू शकतात, आणि नेमक्या याच सोयीमुळे, जागेवर आल्यानंतर ते हलू नये म्हणून जमिनीतून वर उभे राहणारे लॉक त्याच्या कडा घट्ट धरून ठेवतात. एखादे लॉक उभे राहिले नाही तर त्या जागी ठेवता येणाऱ्या वजनाची मर्यादा कमी होते, आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो. हा नियम पुस्तकात आहे. परंतु पुस्तक अमलात आणणारा मनुष्य त्या मजल्यावर, त्या क्षणी हजर असावा लागतो, आणि त्याचे ऐकले जावे लागते.

मी ज्या एका कंपनीत काही काळ होतो तेथे गणवेशाची सक्ती उठविण्यात आली होती. हेतू चांगला होता. रात्रपाळीच्या वैमानिकांना सुख व्हावे आणि कपड्यांवरचा खर्चही वाचावा. तरुण मंडळी जीन्स आणि टी-शर्ट घालून येऊ लागली. मी आणि माझ्यासारखे काही जुने लोक सवयीने पूर्वीचाच पोशाख करीत राहिलो. पावसाळ्यातील एका रात्री मुंबईस आमच्या विमानात माल भरणे चालू होते. मी हवामानाचे आणि मार्गाचे कागद घेण्यासाठी दफ्तरात थांबलो होतो आणि माझा सहवैमानिक पुढे विमानाकडे गेला होता. तो हुशार आणि डोळस मुलगा. मालाच्या मजल्यावर शिरताच त्याला दिसले की, मधल्या एका पॅलेटची कड वाकलेली आहे आणि तिच्या खाली दोन लॉक आडवेच राहिले आहेत. त्याने लोडरना थांबण्यास सांगितले. ते थांबले नाहीत. त्याने मुकादमाला सांगितले. मुकादमाने त्याच्याकडे पाहिले, “साहेब येऊ द्यात, मग बघू,” असे म्हटले, आणि मागची दोन पॅलेट आत ढकलून घेतली. मी दहा-पंधरा मिनिटांनी वर चढलो, भिजलेला रेनकोट काढून दाराशी टाकला आणि टॉर्च पाजळला, तोच मुकादमाने हात वर करून सर्वांना थांबविले. सहवैमानिकाने मला लॉक दाखविले. मागची पॅलेट बाहेर काढावी लागली, वाकलेल्या तबकडीवरचा माल दुसऱ्या तबकडीवर बांधावा लागला आणि आम्हांस उडण्यास पुष्कळ उशीर झाला.

मला त्या मुकादमाचा राग आला होता, आणि तो मी बोलूनही दाखविला. त्याने शांतपणे जे उत्तर दिले ते माझ्या साऱ्या विचाराला वळण देणारे ठरले. तो साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, आयुष्यभर गोदीत आणि विमानतळावर ओझी हलविलेला मनुष्य होता. “कप्तानसाहेब,” तो म्हणाला, “ह्या पोराला मी वळखावं कसं? कुरियरचा माणूस बी असलेच कपडे घालतो. आन्‌ कुणीबी यावं, थांब म्हनावं, मी थांबावं, तर उशीर कुणाच्या नावावर पडंल? माज्याच की. कंत्राटदार माजा रोज कापतो. तुमच्या खांद्यावर पट्ट्या दिसल्या, म्हंजी उशिराचा धनी आला. मग मी का चालवीन?”

या बोलण्यात गणवेशाचे जे समर्थन होते ते आमच्या समितीतील कोणत्याही विद्वानास सुचले नाही. उशिराचा धनी! काम थांबविणे ही रात्रीच्या मालवाहतुकीतील सर्वांत महाग गोष्ट आहे. तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि ज्याची मिळकत सर्वांत तोकडी त्याच्यावर ती ढकलली जाण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. म्हणून जो लोडर किंवा मुकादम ‘थांबा’ हा शब्द ऐकतो त्याला, तो शब्द उच्चारणाऱ्याच्या अंगी त्या शब्दाची जबाबदारी घेण्याचा अधिकार आहे की नाही, हे तत्काळ कळण्याचा हक्क आहे. कॅप्टनच्या पट्ट्या त्याला एवढेच सांगतात की, हा मनुष्य विमान रोखू शकतो आणि रोखल्याचा जाबही हाच देणार आहे. मी पूर्वी गणवेशाकडे वैमानिकाचा मान म्हणून पाहत असे; त्या रात्रीनंतर मी त्याकडे हमालाचे संरक्षण म्हणून पाहू लागलो.

लॉक, साखळ्या आणि पट्टे यांच्या बाबतीत एवढा आग्रह का, असे कोणी विचारील तर त्याने २९ एप्रिल २०१३ ची अफगाणिस्तानातील बगराम येथील दुर्घटना आठवावी. ‘नॅशनल एअरलाइन्स’च्या बोईंग ७४७ मालवाहू विमानात अवजड चिलखती लष्करी वाहने बांधलेली होती, विमान उडताच त्यांतील निदान एक वाहन सुटून मागे सरकले, त्याने शेपटीतील यंत्रणा मोडली आणि विमान धावपट्टीजवळच कोसळून आतील सातही जण मृत्युमुखी पडले. माल योग्य रीतीने बांधला गेला नव्हता, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. उतारूंच्या विमानात चुकीच्या जागी बसलेला मनुष्य उठवून दुसरीकडे बसविता येतो. माल मात्र बोलत नाही, तक्रार करीत नाही, आणि सुटला तर कोणाचे ऐकत नाही. त्याच्या वतीने जमिनीवरच बोलावे लागते, आणि तेही इंजिने सुरू होण्यापूर्वी.

ओळखपत्र पुरेसे आहे, हा तरुणांचा मुद्दा मी हलका मानीत नाही. विमानतळात प्रवेश मिळतो तो नागरी विमानवाहतूक सुरक्षा खात्याच्या परवान्यावर. पट्ट्यांवर नव्हे, आणि तसेच असले पाहिजे. २०१९ च्या नोव्हेंबरात दिल्ली विमानतळावर परदेशी कंपनीच्या कॅप्टनचा गणवेश घालून फिरणाऱ्या एका तोतयास पकडण्यात आले. कापड कोणीही शिवून घेऊ शकतो, हे त्यावरून उघड होते. म्हणून दरवाजावरील जवानाने माझ्या गणवेशास कितीही सलाम केला तरी परवाना पाहिल्याशिवाय मला आत सोडू नये, असेच मी नेहमी म्हणत आलो. परंतु दरवाजावरचा प्रश्न आणि विमानापाशी उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न हे भिन्न आहेत. दरवाजावर विचारावयाचे असते की, हा मनुष्य खरा आहे काय. आणि ते जवळून, उजेडात, सावकाश तपासता येते. विमानापाशी विचारावयाचे असते की, आत आलेल्या खऱ्या माणसांपैकी कोणाच्या हाती काय आहे. आणि ते पावसात, अंतरावरून, हातातले काम न सोडता कळावे लागते. गळ्यातील चार बोटांचे कार्ड पहिल्या प्रश्नाला उत्तर देते. दुसऱ्याला ते देऊ शकत नाही.

येथपर्यंत वाचून व्यवस्थापनातील मंडळींना आपलाच पक्ष जिंकला असे वाटण्याचा संभव आहे, म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. दुसऱ्या एका कंपनीत गणवेशाचा अंमल इतका कडक होता की, विमानाकडे जाताना टोपी नसल्यास लेखी कैफियत द्यावी लागे आणि मे महिन्यातही टाय सैल करण्याची परवानगी नसे. मे महिन्यात मद्रासला, दिवसभर उन्हात तापलेल्या मालाच्या मजल्यावर जो शिरला आहे त्यालाच तेथील उष्म्याची कल्पना येईल. दार उघडे असूनही आत हवा हलत नाही, आणि दोन पॅलेटमधून आडवे होऊन जाळीची कडी पाहावयाची म्हटले की, अंगावरचा सदरा भिजून पाठीला चिकटतो. अशा वेळी गळ्यात लोंबणारा टाय हा दागिना राहत नाही. तो चाके, पट्टे आणि जाळ्या यांच्यामध्ये अडकणारा दोर होतो. त्या कंपनीत मी पाहिले की, पोशाख मळू नये म्हणून काही चांगले वैमानिक मालाच्या मजल्यावर जाण्याचे टाळू लागले. ज्या वस्त्रामुळे मनुष्य आपले काम करण्यास कचरतो ते वस्त्र गणवेश या नावास पात्र नाही.

कापडाची गोष्ट तर याहून गंभीर आहे. स्वस्त आणि इस्त्री न लागणारे म्हणून बहुतेक ठिकाणी कृत्रिम धाग्याचे सदरे देतात. कृत्रिम धागा आगीजवळ वितळतो आणि कातडीला चिकटतो. सुती व लोकरी कापडाचे तसे होत नाही. मालवाहू वैमानिकाला आगीचे भय उतारूंच्या वैमानिकापेक्षा अधिकच आहे, कारण त्याच्या पाठीमागे काय भरले आहे ते तो केवळ कागदावरून जाणतो. ३ सप्टेंबर २०१० रोजी ‘यूपीएस’चे बोईंग ७४७ मालवाहू विमान दुबईहून कोलोनकडे निघाले असता त्यातील मालाला आग लागली, त्या मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या प्रमाणावर होत्या. कॉकपिट धुराने इतके भरले की समोरची उपकरणे दिसेनाशी झाली. कॅप्टनचा प्राणवायूचा पुरवठा बंद पडला, तो जागेवरून उठला तो परत येऊ शकला नाही. आणि सहवैमानिक एकटाच, डोळ्यांपुढे काही दिसत नसता, आसपासच्या विमानांनी पोचविलेल्या निरोपांवर ते विमान दुबईकडे परत आणण्याचा प्रयत्न करीत राहिला. दोघेही वाचले नाहीत. त्या प्रसंगी अंगावर कोणते कापड होते याने निकाल बदलला असता, असे मी म्हणत नाही. परंतु या धंद्यात पोशाखाचा विचार कोठून सुरू झाला पाहिजे हे ती दुर्घटना सांगते. त्याचा आरंभ आगीपासून, उष्म्यापासून, निसरड्या जमिनीपासून झाला पाहिजे. शोभेचा क्रम शेवटी यावा.

आणखी एक विसंगती माझ्या डोळ्यांस नेहमी खुपत असे. विमानाजवळ वावरणाऱ्या प्रत्येकाने चमकते जाकीट घालावे असा सुरक्षेचा नियम आहे आणि तो अगदी योग्य आहे. परंतु ते जाकीट घातले की खांद्यांवरच्या पट्ट्या त्याखाली झाकल्या जातात आणि कॅप्टन, इंजिनिअर, लोडर हे सारे पुन्हा एकाच पिवळ्या रंगाचे होतात. म्हणजे ज्या ठिकाणी गणवेशाची खरी गरज, नेमके तेथेच तो लपतो, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात, जेथे त्याची कोणासही गरज नाही, तेथे तो झळकतो!

गणवेश झाकला गेला म्हणजे काय होते याचा प्रत्यय २०२० साली करोनाच्या साथीत फार तीव्रतेने आला. २५ मार्चपासून देशांतर्गत उतारूंची विमाने बंद झाली. मालवाहू विमाने मात्र औषधे, तपासणीचे संच आणि मुखपट्ट्यांचे गठ्ठे घेऊन उडतच राहिली. एरवी रात्रंदिवस गजबजलेल्या विमानतळांवर शेकडो विमाने दोर बांधून उभी होती आणि त्यांच्या रांगांमधून आम्ही आमची वाट काढीत होतो. आम्हां सर्वांस डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पांढरा पोशाख चढवावा लागे. तोंडावर मुखपट्टी, डोळ्यांवर काच. चेहरा गेला, पट्ट्या गेल्या, आवाजही अर्धा गेला. पहिल्याच आठवड्यात, कोणाचाही हुकूम नसताना, लोडरांच्या टोळीने शाईची जाडी लेखणी आणून आमच्या पाठीवर आणि छातीवर मोठ्या अक्षरांत ‘कॅप्टन’ असे लिहिण्यास आरंभ केला. इंजिनिअरच्या पाठीवर ‘इंजिनिअर’, मुकादमाच्या पाठीवर ‘मुकादम’. ती अक्षरे वेडीवाकडी होती आणि घामाने पसरत. परंतु गणवेश नाहीसा होताच तेथे काम करणाऱ्यांनी आपल्या हाताने तो पुन्हा निर्माण केला, यापेक्षा त्याच्या आवश्यकतेचा अधिक बळकट पुरावा मला ठाऊक नाही. टाय कोणी रेखाटला नाही, टोपी कोणी रेखाटली नाही. लिहिले गेले ते केवळ पद.

आता एक गोष्ट अशी आहे की जिच्यावाचून हा सारा विचार अपुरा राहील. गणवेश देणाऱ्याने त्या गणवेशाचा मानही पुरता दिला पाहिजे. उतारूंच्या आणि मालाच्या वैमानिकांचा परवाना एकच, वैद्यकीय कसोटी एकच, विमान एकच. तरीही मालवाहू वैमानिकाचा थकवा हा कमी प्रतीचा थकवा मानण्याची वृत्ती जगात अद्याप शिल्लक आहे. अमेरिकेत २००९ च्या बफेलो येथील विमान-दुर्घटनेनंतर वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम तयार झाले आणि ते २०१४ च्या जानेवारीत अमलात आले. परंतु केवळ माल वाहणाऱ्या कंपन्यांना त्यांतून सूट देण्यात आली. ते नियम येऊ घातले असतानाच, १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटेपूर्वी, ‘यूपीएस’चे एक एअरबस विमान अलाबामातील बर्मिंगहॅम येथे उतरताना धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि दोन्ही वैमानिक गेले. चौकशीत थकव्याचा उल्लेख झाला. आणि कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणावरून असे निष्पन्न झाले की, त्या रात्री ते दोघे आपसांत, मालवाहू वैमानिकांना विश्रांतीचे वेगळे नियम का, याविषयीच बोलत होते. रात्री दोन ते सकाळी सहा हा मनुष्यदेहाच्या गाढ निद्रेचा काळ. त्या काळात ज्याला आपण विमान चालवावयास लावतो त्याच्या खांद्यावर चार पट्ट्या चढविणे सोपे आहे, त्याला आदल्या दिवशी पुरेशी झोप मिळेल अशी तजवीज करणे कठीण आहे. जी कंपनी पहिली गोष्ट सक्तीची करते आणि दुसरीस फाटा देते तिचा गणवेशाचा आग्रह मला मान्य नाही.

या सर्व अनुभवांचा निष्कर्ष म्हणून मी समितीस जे लिहिले ते थोडक्यात असे. मालवाहू वैमानिकाने कामावर गणवेश घालणे सक्तीचे असावे. ती सक्ती कॅप्टनपासून नव्या सहवैमानिकापर्यंत सर्वांस सारखी लागू असावी, कारण एकाने पाळला आणि दुसऱ्याने सोडला म्हणजे जो सोडतो त्याचा शब्द ऐकला जात नाही. सदरा आणि विजार सुती किंवा लोकरमिश्रित कापडाची असावी, आणि ती पुरेशा जोड्यांनी कंपनीने द्यावी. विमानाजवळ टाय आणि टोपी नसावी. बूट बंद व न घसरणाऱ्या तळव्याचे असावेत. पदाची खूण चमकत्या जाकिटावर, छातीवर व पाठीवर, दुरून वाचता येईल अशी छापलेली असावी. मालाच्या मजल्यावर गेल्यामुळे कपडे मळले तर तो दोष समजला जाऊ नये. आणि गणवेशाच्या प्रकरणातच विश्रांतीच्या प्रकरणाचा उल्लेख करून दोन्ही एकाच अधिकाऱ्याच्या जबाबदारीखाली आणावीत. यांपैकी जाकिटाची आणि टायची सूचना मंजूर झाली, कापडाची विचारार्थ ठेवण्यात आली, आणि शेवटची नामंजूर झाली.

नामंजूर झालेली सूचनाच मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि म्हणून ती मी येथे पुन्हा मांडीत आहे. जे तरुण आज या धंद्यात येत आहेत त्यांना माझे सांगणे असे की, गणवेश कोणी पाहत नाही अशी तक्रार त्यांनी करू नये. तो पाहणारे लोक आहेत. ते तिकीट काढून आलेले नाहीत, त्यांचे नाव कोणत्याही यादीत नाही, त्यांचा रोज दिवसावर ठरतो, आणि आपल्या एका शब्दावर काम थांबवावे की नाही हे त्यांना आपल्याकडे पाहूनच ठरवावे लागते. त्यांच्यासाठी तो घालावा, मळला तरी चालेल अशा बेताने घालावा, आणि ‘थांबा’ म्हणण्याची वेळ आली म्हणजे उशीर आपल्या नावावर लिहून घ्यावा. मालकांना सांगणे एवढेच की, ज्याच्याकडून हे घडावे अशी आपली अपेक्षा आहे त्याला पट्ट्यांबरोबर झोपही द्या, कारण पेंगुळलेल्या डोळ्यांना आडवे पडलेले लॉक दिसत नाही, आणि मग खांद्यावर काय आहे याला काही अर्थ उरत नाही.